पिवळा ठिपका

"तोंड धुवून ये."

नाखवाबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी तेव्हा तेवीस वर्षांची, बी.कॉम. फर्स्ट क्लास, कॉस्टिंग डिपार्टमेंटला लागून तिसरा दिवस. हातात स्टॉपवॉच, पॅडला लावलेला कागद, चेहऱ्यावर डोंबिवलीहून निघताना थापलेली पावडर आणि त्या पावडरीखाली फर्स्ट क्लासचा माज. खाली फ्लोअरवर जाऊन बायकांना एक नग करायला किती सेकंद लागतात ते मोजून आणा, असा साहेबांचा हुकूम होता. दारातच एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई पांढरी टोपी कपाळापर्यंत ओढून उभी होती. तिने मला वरून खाली न्याहाळलं, माझ्या गालावरून एक बोट फिरवलं आणि ते बोट माझ्याच नाकासमोर धरलं.

"मी कॉस्टिंगची ऑफिसर आहे," मी म्हटलं.

"असशील. पन ही पावडर आत उडाली तं आमचा माल मरल. नल तिकडं हाय."

मी तोंड धुवून आले. "गजरा," त्या म्हणाल्या. गजरा काढून आले. "चपला." चपला काढून, टोपी घालून, चौथ्या खेपेला मला आत प्रवेश मिळाला. तासभर मी गंभीर चेहऱ्याने टेबलामागून टेबल फिरले. शेवटी त्यांनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गो बाय, ह्याचा काटा नाय हलत तो? का आमीच एवढ्या चपल हाव?" मी घड्याळ चालूच केलं नव्हतं.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात मी कुणाची करत नाही. टीव्ही, टेलिफोन, भिंतीवरची घड्याळं यांच्या पोटात जी चिप असते ती आमच्याकडे तयार व्हायची. खरं तर जोडली जायची. आतला तिळाएवढा तुकडा परदेशातून डबीत बसून यायचा आणि आमच्या बायका मायक्रोस्कोपला डोळा लावून त्याला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायच्या. त्यावर काळं प्लास्टिक चढायचं, दोन्ही बाजूंनी पाय फुटायचे, की झाला मुंगळा. चिप हा शब्द कागदावरचा. फ्लोअरवर सगळ्याजणी मुंगळेच म्हणायच्या.

तयार मुंगळा तपासणीच्या मशीनला लावायचा. हिरवा दिवा लागला तर पहिली प्रत. पिवळा लागला तर सेकंड, म्हणजे चालतो पण लवकर तापतो. लाल लागला तर कचरा. पुढचं टेबल मार्किंगचं. तिथे पहिल्या प्रतीवर पांढऱ्या शाईने नंबराचा शिक्का बसायचा. सेकंडवर नंबराशेजारी एक पिवळा ठिपका पडायचा. ठिपक्याचा माल खेळणीवाले निम्म्या भावात न्यायचे. हे मार्किंगचं टेबल म्हणजे नाखवाबाईंचं राज्य. त्याआधी आठ वर्षं त्यांनी तारा जोडल्या होत्या. डोळे अधू झाले तेव्हा इकडे बसवलं. "सोन्याची तार जोडून जोडून नजर गेली," त्या म्हणायच्या, "आन् माज्या गल्यात बग, काले मनीच."

राहायला चेंदणी कोळीवाड्यात. सासू बाजारात मासळी घेऊन बसायची आणि रविवारी नाखवाबाई तिच्या शेजारी. त्यामुळे कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोणी काहीही भाव सांगो, पगार सांगो, टक्के सांगो, त्यांचं एकच उत्तर यायचं: "माल दाखव." कँटीनवाल्याने वड्याचा भाव वाढवला तेव्हा त्यांनी जुन्या आकाराची कागदावर काढलेली गोल रेघ आणली आणि नवा वडा तिच्यात ठेवून दाखवला. वडा रेघेच्या आत बाळासारखा झोपला होता. भाव दुसऱ्या दिवशी उतरला.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मी फुशारकीने सांगितलं, मुलगा बँकेत आहे, पगार एवढा आहे, डोंबिवलीत जागा बुक केली आहे.

"आकडं नको सांगू. माल दाखव."

मी पर्समधून फोटो काढला.

"फोटो काय दाखवतंस गो? जिता दाखव."

शेवटी एका शनिवारी बिचारा गेटवर आला. सुट्टी झाल्यावर चाळीस बायका बाहेर पडत होत्या आणि नाखवाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या डोळ्यांत पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डोले चांगले हायेत. ताजा हाय. घे." आमच्या संसारात पुढे जेव्हा जेव्हा भांडण झालं तेव्हा हे गृहस्थ मला ऐकवत राहिले की मला तज्ज्ञ माणसाने पास केलेलं आहे.

आता बोनसचं सांगते, कारण माझा राग तिथे आहे.

कंपनीचा आणि युनियनचा करार होता: नफा चांगला झाला की कामगारांना त्याचा वाटा मिळणार, कायद्यात जास्तीत जास्त बसतो तेवढा, वीस टक्के. नफा नाही झाला तर कायद्याने द्यावाच लागतो तेवढा, आठ पॉइंट तेहतीस. हा 'आठ-तेहतीस' शब्द फ्लोअरवर शिवीसारखा वापरला जायचा. पण ऐंशीचं सगळं दशक आमच्या बायकांनी वीस टक्के घेतले. बाहेरच्या मालावर जबरदस्त जकात होती, देशात चिप बनवणारे मोजके, आम्ही मागू तो भाव मिळायचा. दिवाळीच्या आधी बोनसवाटप व्हायचं त्या दिवशी टोपीखाली सुद्धा वेण्या घट्ट आणि नव्या तेलाच्या असायच्या. नाखवाबाई दरवर्षी पाकीट घेऊन आधी चष्मेवाल्याकडे जायच्या, काच वाढलेली असायची म्हणून. "पगार हातांचा," त्या म्हणायच्या, "बोनस डोल्यांचा. ह्यो भाव आमी डोले घालून केलाय. कोन उपकार नाय करत."

मला हे तेव्हा भावनिक बोलणं वाटायचं. मी ऑफिसर होते ना! आम्हाला बोनस लागू नव्हता. आम्हाला साहेब स्वतः केबिनमध्ये बोलावून बंद पाकीट द्यायचे, आणि ते किती जाड हे साहेबांच्या मर्जीवर असायचं. म्हणजे खालच्या बायका हक्काने घ्यायच्या आणि मी मान वाकवून घ्यायची, तरी स्वतःला त्यांच्याहून वरची समजायची. अशी हुशारी कॉलेजात फर्स्ट क्लास मिळाल्याशिवाय येत नाही.

एक्याण्णव सालानंतर हवा बदलली. जकात उतरली, बाहेरच्या चिपा यायला लागल्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत त्या पिशवीत भरून मिळायच्या. भाव पडले हे खरं. पण आमची गिऱ्हाइकं टिकून होती, कारण आमचा मुंगळा तापत नव्हता. दिवाळीच्या दोन महिने आधी साहेबांनी मला बोलावलं आणि कामगारांच्या प्रतिनिधींना भावाचं गणित समजावून सांगायला उभं केलं. मी प्रोजेक्टर मागवला. पारदर्शक कागदांवर तीन रंगांच्या पेनांनी आलेख काढले. जागतिक बाजार, आंतरराष्ट्रीय किंमत, स्पर्धा... अर्धा तास मी अशी बोलले की जणू जपानहून थेट आले आहे. शेवटी म्हटलं, त्यात यंदा सेकंड मालाचं प्रमाण फार वाढलं आहे, म्हणून नफा राहिलेला नाही.

नाखवाबाई प्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत होत्या. भिंतीवर पडलेल्या माझ्या रंगीत रेघांकडे पाहत त्या म्हणाल्या, "भाव पडला, मान्य हाय. बाजारात मी पन बसते. पन सेकंड वाढला? कुठं वाढला? माल दाखव."

"आकडे आहेत ना समोर," मी म्हटलं.

"आकडा वास मारत नाय गो. माल मारतो."

सगळे हसले. मीही हसले. आणि पुढच्या आठवड्यात ती नोटीस लिहिली.

साहेबांना मराठीत जेवायला सुद्धा मागता यायचं नाही. ते म्हणाले, तुमचं मराठी उत्तम आहे, तुम्हीच मसुदा करा. मी काय फुलले! घरी नेला मसुदा. जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर बसून शब्द निवडले, दोनदा फाडला, तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवला. 'कामगारांच्या हलगर्जीपणामुळे व कामातील अक्षम्य दुर्लक्षामुळे सेकंड प्रतीच्या मालाचे प्रमाण वाढून कंपनीस तोटा झाला असल्याने यंदा किमान बोनस देण्यात येत आहे.' 'अक्षम्य' वर मी विशेष खूश होते. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे खरं आहे का?" मी म्हटलं, "अरे, भाषा बघ ना!"

नोटीस गेटजवळच्या फळ्यावर लागली, काचेच्या आत, कुलूप लावून. संध्याकाळी बायकांना न्यायला आलेले नवरे, भाऊ, मुलगे फळ्यापुढे उभे राहून मोठ्याने वाचत होते. बोनस कापला हे एक. पण बायको घरी येऊन बारा महिने सांगत होती की आमच्या हातचा माल नंबर एक, आणि इथे शिक्क्यानिशी लिहिलं होतं की तिचे हात वाईट. दुसऱ्या दिवशी टपटप गळणारे डोळे पुसत तारा जोडणाऱ्या बायका मी पाहिल्या. मायक्रोस्कोपमध्ये पाणी आलेल्या डोळ्याने काही दिसत नाही, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा थांबावं लागत होतं.

दुपारी नाखवाबाई वर ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपी तशीच डोक्यावर. माझ्या टेबलापुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "ती नोटीस कोनी लिवली?"

"मॅनेजमेंटने," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोनस जाऊ दे खड्ड्यात. ती नोटीस उतरवायला सांग तुज्या मॅनेजमेंटला. आमचे हात वाईट नाय." आणि पिशवीतून एक रिकामी बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पिवळ्या शाईची. "ही बाटली मला पयली वरीसभर पुरायची. ह्या वर्षी सात उघडल्या. आता जेवनाच्या सुट्टीत खाली ये. तुला माल दाखवते."

मी गेले. कुतूहल म्हणून गेले, चांगुलपणा म्हणून नाही. तपासणीच्या मशीनवर शोभा नावाची मुलगी डबा उघडून बसली होती. नाखवाबाईंनी तिला डबा बाजूला ठेवायला लावला आणि पिवळे ठिपके मारलेल्या मुंगळ्यांचा एक ट्रे तिच्यापुढे सरकवला. "लाव गो एकेक."

शोभाने लावला. हिरवा दिवा. दुसरा. हिरवा. तिसरा. हिरवा. सगळा ट्रे संपला, एकदाही पिवळा लागला नाही.

"मग ठिपका का मारलात?" मी विचारलं.

"पयली शोभा दिवा बगून सांगायची, मी मारायची. आता वरून चिठ्ठी येते. अमका लॉट सेकंड. दिवा कोन इचारतो?" त्यांनी टेबलाच्या खणातून गुलाबी चिठ्ठ्यांची चवड काढली. प्रत्येकीच्या खाली कोपऱ्यात एक छोटी वळणदार सही होती. माझी. रोज टेबलावर कागदांचा ढीग यायचा आणि मी चहा पिता पिता सह्या ठोकायची. सही सुंदर यावी म्हणून मी कॉलेजात असताना वहीभर सराव केला होता. कागद वाचायचा सराव मात्र कुणी करून घेतला नव्हता.

वर येऊन मी फाइली काढल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या खात्याचं काम केलं असं म्हणायला हरकत नाही. खेळणीवाले कधीच गळले होते. ठिपक्याचा सगळा माल एकाच नव्या पेढीला निम्म्या भावात जात होता. पेढी मालकांच्या मेहुण्याची. आणि आमचं सगळ्यात मोठं टीव्हीवालं गिऱ्हाईक आता आमच्याकडून घेत नव्हतं, त्याच पेढीकडून घेत होतं, आमचाच नंबर असलेला मुंगळा, पूर्ण भावात. पिवळा ठिपका स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की जातो. नफा झाला होता. भरपूर झाला होता. फक्त तो कंपनीच्या भिंतीपलीकडे नेऊन ठेवला होता, म्हणजे त्यात बायकांचा वाटा निघायला नको.

दुसऱ्या दिवशी नाखवाबाईंनी मला जिन्यात गाठलं. "कलला?"

"कळलं."

"मंग लिवून दे. तुजा मराठी चांगला हाय. युनियननं तक्रार केलीय, सरकारी हापिसात परवा बोलावलंय, तिथं वाच."

"बघते," मी म्हटलं. 'बघते' हा शब्द मी आयुष्यात पुष्कळ वापरला आहे. तो कधीच खरा नव्हता.

कामगार खात्याच्या त्या अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी दोन्ही बाजू नीट ऐकल्या. मग ते म्हणाले, "ऑडिट झालेला ताळेबंद माझ्यापुढे आहे. तो मी असाच कसा नाकारू? पण कंपनीतल्या जबाबदार माणसाने सांगितलं की हा माल सेकंड नव्हता, तर मी पुढची चौकशी लावतो." आणि त्यांनी खोलीत सगळ्यांकडे पाहिलं.

नाखवाबाईंनी पिशवी उलटी केली. सात रिकाम्या बाटल्या टेबलावर गडगडल्या. "साहेब, ह्या बाटल्या. आन् ह्या मॅडम. ह्यांनी सोत्ता डोल्यांनी बगितलंय. इचारा."

माझ्या एका बाजूला साहेब बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं की दिवाळीनंतर कॉस्टिंगची मॅनेजर करतो, खिडकीची केबिन देतो. घराचे हप्ते होते, मुलगी लहान होती, ही कारणं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितली. खोटी आहेत. हप्ते नवऱ्याच्या पगारातून जात होते. मला ती खिडकी हवी होती. खिडकीतून काय दिसत होतं? शेजारच्या कारखान्याची पत्र्याची शेड.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "रेकॉर्डप्रमाणे माल सेकंडच आहे." तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ... पण नाही. मी पुढे म्हणाले, "आणि ठिपके तर मार्किंग विभागानेच मारलेले आहेत. नाखवाबाई, शिक्का तुमच्याच हातचा आहे ना?"

नाखवाबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत पिवळी शाई होती. मग त्यांनी एकेक बाटली उचलून पिशवीत भरली आणि म्हणाल्या, "व्हय. माज्याच हातचा. बरोबर बोललात मॅडम तुमी." सात वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'तुमी' म्हणाल्या.

पुढे जे झालं ते मी वरच्या काचेतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी चिठ्ठी लावलेला पहिला ट्रे मार्किंगला आला. नाखवाबाई ट्रे घेऊन शोभाकडे गेल्या. "लाव." हिरवा दिवा लागला. परत येऊन त्यांनी पांढऱ्या शाईचा शिक्का मारला. दुसरा ट्रे, तसंच. शंभरात दोन-तीन खरोखर पिवळे लागत होते, त्यांना ठिपका मिळाला. बाकी सगळे पांढरे.

साहेब धावत खाली गेले. "वाचता येत नाही काय? चिठ्ठीवर सेकंड लिहिलं आहे!" हे ते हिंदीत ओरडले.

"वाचता येतं," नाखवाबाई म्हणाल्या. "दिवा पन दिसतो. चश्मा कंपनीच्याच बोनसवर घेतलाय ना, चांगला हाय."

पूर्ण फ्लोअर हसला. नोटीस लागल्यापासून त्या बायका पहिल्यांदा हसल्या होत्या. तीन दिवस नाखवाबाईंनी असे शिक्के मारले. तीन दिवस मेहुण्याची गाडी रिकामी परत गेली. चौथ्या दिवशी गेटवर वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. हुकूम मोडला, उत्पादनाचं नुकसान केलं, असं पत्र हातात दिलं. त्या पत्राचं मराठी माझं नव्हतं, साहेबांनी ते इंग्रजीत दिलं. बायका एक दिवस कामावर गेल्या नाहीत. मग युनियनच्या पुढाऱ्याने त्यांना सणाची उचल मिळवून दिली, प्रकरण मिटलं असं जाहीर केलं आणि आठ-तेहतीस वाटले गेले. मार्किंगच्या टेबलावर एक नवी मुलगी आली. चिठ्ठी बघून शिक्का मारायची.

मला पाकीट मिळालं. जाड होतं. मी फ्रीज घेतला. क्रीम रंगाचा. तो अठरा वर्षं चालला आणि एकदाही बिघडला नाही, याचाही मला राग येतो.

चार-पाच वर्षांत कंपनी बंद पडली. पडली म्हणजे पाडली. जमिनीला चिपेपेक्षा चांगला भाव आला होता. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत दुसरीकडे लागले. एका रविवारी ठाण्याला नणंदेकडे गेले होते, तिथून उठून सरळ मासळीबाजारात गेले. सांगताना सोपं वाटतं. वाटेत दोनदा परत फिरले होते.

नाखवाबाई सासूच्या जागी बसल्या होत्या. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. कोयत्यावर बोंबील साफ करत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. "घेनार हायस, का नुसती उबी राहनार?"

परत 'तू' ऐकून मला बरं वाटलं. लाज नव्हती ना! मी म्हटलं, "नाखवाबाई, ती नोटीस मी लिहिली होती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"लागली त्याच दिशी. हलगर्जीपना! असा शबुद तिथं दुसऱ्या कोनाला येत व्हता?" त्यांचा हात थांबला नव्हता. "मी हापिसात तुला इचारायला नाय आली. तू सांगतेस का, ते बगायला आली."

मी तिथेच उकिडवी बसले, साडी ओल्या फरशीवर. "मला माफ करा."

तेव्हा मात्र त्यांनी कोयता बाजूला ठेवला. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "माजी नोकरी गेली त्याचा काय नाय. माजा बाजार व्हता. पन त्या पोरींना घरी ऐकायला लागला. सासू बोलली, नवरा बोलला, तुज्या हाताला वलन नाय म्हनून बोनस गेला. शोभाच्या सोयरिकीत पन इचारला, कामातून काडली तर नाय ना? ते तू लिवलास. माफी माज्याकडं काय मागतंस? त्यांना सांग."

"त्या सगळ्या आता कुठे सापडणार मला?"

"नोटीस लावताना काय घराघरांत गेली व्हतीस? लिवली, सगल्यांना कलला. आता दुसरी लिव."

"कुठे लावू? कंपनीच नाही, फळा नाही."

"ते तू बग. शिकलेली हायस." आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "या ताई, ताजा हाय, हात लावून बगा."

मी बोंबील घेतले. पैसे त्यांनी बाजारभावानेच घेतले, सुटे सुद्धा मोजून परत दिले. घरी आले. लिहायला बसले नाही. बघते, म्हटलं. मुलीची परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं लग्न, मग बाळंतपण. मधे एकदा बाजारात गेले तर त्या जागेवर त्यांची सून बसली होती. सासूबाई गेल्या, म्हणाली, दोन वर्षं झाली. शेवटी दिसत नव्हतं, पण बोट लावून पापलेट ताजं की शिळं सांगायच्या.

माझ्या नातीने हे वाचलं. ती म्हणाली, "आजी, इतकी जुनी गोष्ट, आता कुणाला काय फरक पडणार आहे?" मी तिला म्हटलं, बस तिकडे. फरक पडेल का हे विचारून मी ती पहिली नोटीस लिहिली नव्हती. त्या बायका आता साठीच्या, सत्तरीच्या असतील. कल्याणला, दिव्याला, कळव्याला, कुणाच्या तरी आज्या असतील. त्यांच्यातल्या एकीच्या घरात जरी हे वाचलं गेलं तरी चालेल. कुलूप लावलेली काच नाही, आणि 'अक्षम्य' सारखा शब्दही नाही. नाखवाबाईंना कळलं असतं असंच लिहिते.

त्या वर्षी आमच्या कारखान्यातला माल पहिल्या प्रतीचा होता. मशीनवर हिरवा दिवा लागत होता, मी स्वतः पाहिला. तारा जोडणाऱ्या, तपासणाऱ्या, शिक्का मारणाऱ्या एकाही बाईच्या हाताला दोष नव्हता. चांगला माल वाईट म्हणून लिहिला, मालकाच्या मेहुण्याला निम्म्या भावात दिला आणि तोटा झाला असं सांगून बायकांचा वाटा खाल्ला. चिठ्ठ्यांवरची सही माझी. नोटीस माझी. सरकारी ऑफिसात खोटं बोलले ती मी. सगळ्या कंपनीत हलगर्जीपणा केला तो एकाच बाईने, आणि तिला त्या दिवाळीत पैसे पुरेपूर मिळाले.